सालभर आखाजी करणारा

लंडनच्या एका रॅपरशी माझं बरीच वर्षं वैर होतं. त्याला याची कल्पना नव्हती. त्याच्या वतीने माझी धाकटी बहीण भांडायची, आणि हे भांडण व्हायचं धुळ्याहून शिंदखेड्याकडे जाणाऱ्या एसटीत, आखाजीच्या आदल्या दिवशी.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो. खानदेशात लेकी माहेरी येतात. कडुनिंबाला झोके बांधले जातात, आमरस आणि मांडे होतात, आणि सासरी गेलेल्या बहिणीला आणायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. जळगावात माझं मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी कितीही पंप येऊन पडलेले असोत, मी शटर ओढायचो आणि मुराळी होऊन धुळ्याला जायचो. बहीण तिथे एका दवाखान्यात नर्स होती. ती ड्युटी उरकून, पिशवी घेऊन, स्टँडवर माझ्याआधी उभी असायची आणि उशीर झाला म्हणून मलाच झापायची.

हा रॅपर तिच्या आयुष्यात आला तो अभ्यास म्हणून. लग्नाआधी तिला नोकरीसाठी इंग्लंडला जायचं होतं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा असते. तिकडच्या बोलीला कान सरावावा म्हणून कोणीतरी तिला तिकडची गाणी ऐकायला सांगितलं, आणि एवढ्या मोठ्या देशातून हिने नेमका हा बाबा शोधून काढला. इंग्रजी किती सुधारलं देव जाणे, शिव्या मात्र अस्सल लंडनच्या शिकली. पुढे परीक्षा राहिली, लग्न झालं, इंग्लंड बारगळलं. तो तेवढा राहिला.

त्याच्यावरून त्याच्या देशात दोन तट होते. अर्ध्यांच्या मते त्याच्याइतकं खरं कोणी बोलत नाही, अर्ध्यांच्या मते त्याच्या तोंडाला कुलूप घालायला हवं. तो मंत्र्यांना शिव्या द्यायचा, पोलिसांना द्यायचा, स्वतःच्या बापाला द्यायचा आणि वेळ उरला तर तिकीट काढून आलेल्या लोकांनाही. बहीण एसटीत इअरफोनचं एक टोक माझ्या कानात कोंबायची, दुसरं स्वतःच्या. मी भजनी मंडळातला माणूस. ढोलकी वाजवतो. मला ना सूर सापडायचा ना चाल.

"हे गाणं नाही," मी म्हणायचो, "घरमालकाचं आणि भाडेकरूचं भांडण आहे. वीस वर्षांनी याला कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

"तुले काय समजस, भाऊ?" ती म्हणायची. "हाऊ सालभर आखाजीच करस."

तिचं म्हणणं कळायला आमच्या नदीवर यायला हवं. आखाजीच्या संध्याकाळी बायका गौराई बोळवायला नदीवर जातात. वैशाखात पात्र कोरडंच असतं. अलीकडच्या काठावर आमच्या गावच्या बायका, पलीकडे शेजारच्या गावच्या. आणि मग सुरू होतात शिव्यांची गाणी. तुमच्या गावचे पुरुष असे, तुमच्या सुना तशा, तुमचा सरपंच तसला. एका काठाने म्हणायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. ज्या काठाला उत्तर सुचत नाही तो हरला. वर्षभर डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बायका त्या संध्याकाळी असं काही बोलतात की आम्ही पुरुष लांब बांधावर उभे राहून जमिनीकडे बघतो. राग कोणी धरायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बायका बाजारात एकमेकींना बियाण्याचा भाव विचारतात.

माझी बहीण या कामात पटाईत होती. आईकडून आलं होतं ते. आईच्या तोंडाला तिच्या तरुणपणी दोन्ही काठ भ्यायचे. पण बहिणीने त्यात लंडनची भर घातली. त्या रॅपरची एक खोड होती. ठेका धडधडत चाललेला असताना, शेवटच्या फटक्याआधी, तो एकदम थांबायचा. सगळं बंद. ऐकणाऱ्याचा श्वास अडकला की मग ते वाक्य टाकायचा. ढोलकीवाला म्हणून मला तेवढं मान्य करावं लागायचं की थांबायचं कुठे हे त्याला कळतं. अर्थात तिच्यासमोर मी हे कधी कबूल केलं नाही.

काही वर्षांपूर्वी तिने पलीकडच्या गावासाठी नवीन गाणं रचलं, एसटीतच, खिडकीच्या गजावर बोटांनी ठेका धरून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नदीवर ती पुढे झाली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"तुमना गावना नवरदेव फटफटीवर बठना,
पेट्रोल सरनं वाटमा, गधडावर उना,
गधडं म्हने, उतर रे भो..."

आणि थांबली. दोन्ही काठ गप्प. बांधावर आम्हीही गप्प. मग ती शांतपणे म्हणाली, "माले बी लाज शे!"

पलीकडच्या बायकाच आधी हसल्या. हसण्याच्या नादात उत्तर द्यायचं राहिलं आणि त्या हरल्या. त्यानंतर पलीकडच्या गावात कोणाचंही लग्न निघालं की आमच्याकडे गाढवाची चौकशी व्हायची.

मागच्या दिवाळीच्या आधी तिला डेंग्यू झाला. ज्या दवाखान्यात ती काम करायची तिथेच, तिच्या मैत्रिणींच्या हाताखाली, ती पेशंट म्हणून झोपली. आम्ही सगळे म्हणत होतो की ही घरच्याच जागी आहे, काही होणार नाही. मी रक्तपेढीच्या बाहेर प्लेटलेटची वाट बघत उभा होतो तेव्हा मेव्हण्यांचा फोन आला. ते नुसते रडत होते. नंतर हातात पडलेली प्लेटलेटची पिशवी घेऊनच मी दवाखान्यात गेलो. ती कोणाला द्यायची ते मला कळत नव्हतं.

थंडीत त्या रॅपरची नवीन गाणी आली. दुकानात कॉइल भरता भरता मी ती मोबाइलवर लावली. माणूस पार निवला होता. मागे व्हायोलिन वाजत होतं आणि तो लोकांची माफी मागत होता, मनःशांतीबद्दल बोलत होता. तो थांबायचा तेसुद्धा दम लागल्यासारखा. खाली लोकांनी लिहिलं होतं, हा संपला, अजून थोड्या वर्षांनी याला कोण ऐकणार. शब्द न शब्द माझा. मी जिंकलो होतो, आणि ते ऐकून जिचं तोंड एवढंसं व्हायला हवं होतं ती नव्हती. मी त्याची जुनी गाणी लावली. पुन्हा पुन्हा लावली. त्यांत काहीतरी टिकाऊ सापडावं म्हणून मी देवाला हात जोडायचा बाकी होतो. जन्मात पहिल्यांदा मला तिच्याशी भांडून हरायचं होतं. तो विसरला गेला तर ती कशी हसायची, कोणत्या ओळीला माझ्या मांडीवर चापट मारायची, हेही त्याच्याबरोबर जाईल असं मला वाटत होतं.

आखाजी आली. या वर्षी धुळ्याला उतरायचं काही कारण नव्हतं. मी जळगावहून थेट रेल्वेने निघालो. धरणगाव गेलं, अमळनेर गेलं, शिंदखेड्याला उतरलो. डब्यात एक मुराळी बहिणीला घेऊन चालला होता आणि दोघं खिडकीवरून भांडत होती. मी उठून दाराशी जाऊन उभा राहिलो.

घरी आईने पितरांची घागर भरली होती. आखाजीला गेलेल्या माणसांसाठी मातीची घागर पाण्याने भरून पुजतात. पण लग्न झालेल्या लेकीची घागर सासरी भरतात, आणि ती धुळ्याला भरली गेली होती. "तिनी घागर तिना घर भरतीन," आई म्हणाली. "आपले काय शे?" लेकीचं दुःख करायला माहेरी आईच्या हाताला कामच नव्हतं. कडुनिंबाला कोणी झोका बांधला नव्हता. आईने आमरस वाढला, मी खाल्ला.

संध्याकाळी बायका आईला न्यायला आल्या. ती येणार नाही असंच त्यांनाही वाटत होतं. ती उठली आणि गेली. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. आमच्या काठाला त्या दिवशी जोर नव्हता. आईसमोर शिव्यांची गाणी म्हणायची कोणाची छाती होईना. गौराई बोळवली आणि सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या. पलीकडच्यांना आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, आज हे गाव आयतं सापडलं. त्यांच्यातली एक तरणी सून पुढे आली, कमरेवर हात ठेवले.

"तुमना गावना नवरदेव फटफटीवर बठना..."

इतकी वर्षं त्यांनी ते गाणं सांभाळून ठेवलं होतं. आता ते आमच्यावर उलटवलं होतं. बाकीच्या बायका टाळ्यांचा ठेका देत होत्या. पेट्रोल संपलं, गाढव आलं. "गधडं म्हने, उतर रे भो..."

आणि त्या थांबल्या. सगळ्याजणी, एकदम, टाळीसकट. लंडनचा तो थांबायचा तिथेच, माझी बहीण थांबली होती तिथेच. ही सून तेव्हा त्या गावात आलीही नसेल. तिला ना तो ठाऊक, ना ही. माझा श्वास अडकला. मग वाक्य आलं, पलीकडे हशा उसळला, आणि मी बांधावर मटकन खाली बसलो.

आमच्या काठाने आता उत्तर द्यायचं होतं. सगळ्या बायका आईकडे बघत होत्या. आई पुढे झाली, पार पात्रातल्या वाळूत उतरली. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, नीट ऐकू यावं म्हणून, आणि जोरात ओरडली,

"आखो एकदाव म्हना वं!"

त्या नदीवर आजवर कोणी समोरच्या काठाला शिवी पुन्हा द्यायला सांगितलं नव्हतं. पलीकडे जरा चुळबुळ झाली. मग त्यांनी पुन्हा म्हटलं. आई तोंडाला पदर लावून ऐकत होती. संपलं की हात वर करून पुन्हा म्हणायला सांगत होती. आणि पलीकडच्या बायका, आपण जिंकतोय असं समजून, अंधार पडेपर्यंत म्हणत राहिल्या.