अक्काने दिलेली जागा

त्या मंगळवारचा विषय निघाला की मला अजून थोडी शरम वाटते आणि थोडं बरंही वाटतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण माझी काम करण्याची पद्धत बदलली ती बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यातल्या एका साध्या मिसिंग केसने.

मी तेव्हा तिथल्या एका ग्रामीण ठाण्यात पीएसआय होतो. सकाळची हजेरी संपत होती. एक चाळिशीचा गृहस्थ आत आला. त्याची विधवा चुलती दोन दिवसांपासून बेपत्ता होती. तिला मूलबाळ नव्हतं, गावात सगळे तिला अक्का म्हणत. रस्त्याला लागून तिची स्वतःची दोन गुंठे जागा होती. ती तिने एका आरोग्य संस्थेला दान द्यायचं ठरवलं होतं. या संस्थेची नर्स दर मंगळवारी गावात येई, देवळाच्या ओट्यावर बसून लोकांचं बीपी आणि शुगर तपासी, गोळ्या देई. अक्काच्या जागेवर दोन खोल्यांचा कायमचा दवाखाना होणार होता. दानपत्राची नोंदणी त्याच गुरुवारी भालकीत व्हायची होती.

"साहेब, त्या नर्सनं काकूला फितवून पळवलंय," पुतण्या म्हणाला. "आदुगर ती रजिस्ट्री थांबवा."

रजिस्ट्री थांबवणं माझ्या हातात नव्हतं. तक्रार मी नोंदवून घेतली. त्याच वेळी आमच्या हवालदाराला गावातल्या हॉटेलवाल्याने खबर दिली, की परवाच अक्काला संस्थेच्या जीपमध्ये चढताना त्याने स्वतः पाहिलं. झालं, माझा संशय पक्का झाला. लेडी कॉन्स्टेबलला सोबत घेऊन मी गावात गेलो आणि नर्सला ओट्यावरून थेट ठाण्यात आणलं. समोर तीसेक माणसं रांगेत बसली होती. त्यांच्यासमोरून तिला उठवलं. खरं तर बाईचा जबाब तिच्या राहत्या ठिकाणी घ्यायचा असतो. तो नियम मी त्या दिवशी पाळला नाही.

नर्स तिशीच्या आतबाहेरची, बोलायला शांत. तिचा मोबाईल मी माझ्या टेबलावर ठेवून घेतला.

"अक्का जीपमध्ये बसल्या होत्या का?"

"व्हय. पण ते मागच्या आठवड्यात. डोळे तपासायला बीदरला नेलं होतं, संध्याकाळी घरी सोडलं. बाकीच्या चार बाया होत्या, त्यांना विचारा."

साक्षीदार पुष्कळदा खोटं बोलत नाही, त्याचा फक्त वार चुकतो. हे मला ठाऊक होतं. तरी मी तिलाच फिरवून फिरवून तेच प्रश्न विचारत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "साहेब, मला काय इचारायचं ते इचारा. पण अक्काला शुगरच्या गोळ्या चालू हायत. गोळी घेतली आन् जेवण न्हाई केलं तर त्या बेशुद्ध पडतील. कुणीतरी त्यांना शोधायलाय का?"

तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी तो कापला. लगेच पुन्हा वाजला.

"आज मंगळवार हाय साहेब. पेशंटचा असंल. घेऊ द्या."

मी स्पीकर चालू करून फोन तिच्यापुढे सरकवला. पलीकडून एका बाईचा घाबरलेला, दबका आवाज आला. "मॅडम, एक म्हातारी बाई हाय... शुगरची गोळी दिली, पण जेवायलीच न्हाई. घाम फुटलाय. हात थरथरायलेत."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी खुणेने सांगितलं, कुठे आहे ते विचार. तिने हात वर करून मला थांबवलं.

"जाग्या हायत का? गिळता येतंय का?"

"व्हय."

"मग आदी पाण्यात तीन-चार चमचे साखर घाल आन् हळूहळू पाज. झोपवू नको, बसवून ठेव. मी फोनवरच हाय."

दहा-बारा मिनिटं गेली. मग पलीकडून आवाज आला, "घाम कमी झालाय मॅडम. बोलायल्यात."

"शाब्बास. आता भाकरी दे. अक्का, ऐकू यायलंय का? मी हाय. खाऊन घ्या." मग त्या बाईला ती म्हणाली, "हे बघ, पुन्ना घाम येऊ शकतो. तुला एकटीला जमायचं न्हाई. कुठं हायस ते सांग, मी येते."

पलीकडे रडणं ऐकू आलं आणि मग पत्ता. हुलसूरच्या पुढे, शेतातलं घर. फोन करणारी बाई त्याच पुतण्याची बायको होती; नर्सचा नंबर तिला अक्काच्या गोळ्यांच्या पाकिटावर मिळाला होता.

जीप काढली, नर्सला सोबत घेतलं. अक्का बाजेवर बसली होती. थकलेली, पण आवाज खणखणीत. "घरी जाते म्हणलं तर कुलूप लावलं. मग मी बी जेवण सोडलं." गुरुवार टळेपर्यंत तिला तिथेच ठेवायचं आणि जागा आपल्या नावावर करून घ्यायची, असा पुतण्याचा बेत होता. त्याला ठाण्यात आणून एवढंच सांगितलं, की तुझ्या बायकोने नर्सला फोन केला. त्याने सगळं कबूल केलं. डांबून ठेवल्याचा आणि खोटी तक्रार दिल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल केला. त्याच्या बायकोच्या, म्हणजे आपल्या सुनेच्या बाबतीत अक्काने ठणकावून सांगितलं, "तिला हात लावायचा न्हाई. तिनं मला वाचवलंय." ही सूनच आमची मुख्य साक्षीदार झाली.

त्या दुपारी मी नर्सची माफी मागितली. ती म्हणाली, "ते राहू द्या, मला ओट्यावर सोडा." चार वाजले होते. रांगेतली निम्म्याहून जास्त माणसं अजून तिथेच बसली होती.

गुरुवारी मी साध्या कपड्यांत भालकीला गेलो. उपनिबंधकांनी नियमाप्रमाणे विचारलं, "आजी, देण्यासाठी कुणाचा दबाव आहे का?"

"दबाव होता की," अक्का म्हणाली. "देऊ नको म्हणून. दे म्हणून कुणाचाच न्हाई."

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "अक्का, एवढी मोक्याची जागा कामून दिलात?"

"मंगळवारी ती पोरगी इचारती, रात्री झोप लागली का, पाय दुखायलेत का. घरात कोण इचारतंय, अप्पा? माझ्यासारख्या लई बाया हायत गावात."

ही गोष्ट गावभर झाली आणि लोकांनी हात सैल सोडले. कुणी वाळूच्या खेपा दिल्या, कुणी पत्रे, शाळेच्या गुरुजींनी पंखा. गवंड्याने आठवडाभर मजुरी घेतली नाही. उद्घाटनाला मी गेलो होतो. अक्का पहिल्या बाकावर बसली होती आणि शेजारी तिची सून.

मी मात्र स्वतःला तपासत राहिलो. ज्याचं माणूस हरवतं तो आधी माणूस मागतो. पुतण्याने आधी कागद थांबवायला सांगितलं, ते मी ऐकूनही ऐकलं नाही. अक्काची काळजी फक्त जिला मी संशयित ठरवलं तिला होती. दोन तासांच्या चौकशीत मला जे मिळालं नाही, ते तिला मिळालं, कारण तिने आधी म्हातारीचा जीव पाहिला आणि पत्ता नंतर विचारला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक मिसिंग केसमध्ये मी पहिला प्रश्न हाच विचारला, त्यांना कुठलं औषध चालू आहे? त्यासाठी छापील फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मी तो पट्टीने आखून घेत असे.