नायट्रोजननेही वजन वाढलं

आमच्या प्रयोगशाळेतलं ते द्रव म्हणजे खरं तर मीठच, फक्त खोलीच्या तापमानालाही वितळलेलं. आयनिक लिक्विड म्हणतात त्याला. दिसायला काकवीसारखं, आणि उघडं ठेवलं तरी उडून जात नाही. धुरातला कार्बन डायऑक्साइड ते धरून ठेवतं आणि तापवलं की सोडतं. माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. धुराड्यातून काय बाहेर पडतं ते मी लहानपणापासून दोरीवरच्या कपड्यांवर पाहत आले होते. त्यामुळे हा विषय महत्त्वाचा का, ते कुणी मला पटवून द्यायची गरज पडली नाही.

विषय मिळाला तो माझ्या गाइडमुळे. या कानडी शहरात, चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातले आमचे सर. मुलाखतीत माझं इंग्रजी वाक्य अर्ध्यावर अडकलं, तेव्हा त्यांनी "मराठीत सांग की" म्हणून सगळं ऐकून घेतलं. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. पेइंग गेस्ट म्हणून खोली मिळेपर्यंत मी सरांच्याच घरी राहिले आणि त्यांच्या पत्नीला अक्का म्हणू लागले. यातलं काहीच मी विसरलेले नाही.

मोजण्याची पद्धत साधी होती. कुपीत द्रव घ्यायचं, वजन करायचं, त्यातून वायू सोडायचा, पुन्हा वजन करायचं. वाढलेलं वजन म्हणजे पकडलेला कार्बन डायऑक्साइड. आमच्यातली पुण्याची सीनिअर अशीच मोजत आली होती. तिचा आकडा इतका चांगला होता की एका कंपनीची माणसं तो बघायला येणार होती. त्यांनी पैसे दिले तरच प्रकल्प पुढे चालणार होता, आणि माझी जागा त्याच प्रकल्पात होती.

मी एकदा कार्बन डायऑक्साइडऐवजी नायट्रोजन सोडून पाहिला. नायट्रोजनला हे द्रव जवळजवळ विचारत नाही. वजन हलायला नको होतं, पण वाढलं. पुन्हा केलं, पुन्हा वाढलं. दिवस पावसाळी होते. हे द्रव हवेतली ओल ओढून घेतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण वाचून माहीत होतं. काट्यासमोर उभं राहिल्यावर ते कुणाला आठवलं नव्हतं. मग मी द्रव व्हॅक्यूमखाली नीट कोरडं केलं, कुपीला बाहेरची हवा लागू दिली नाही आणि पुन्हा मोजलं. नायट्रोजनला वजन जागचं हललं नाही. कार्बन डायऑक्साइडचा आकडा मात्र बराच खाली आला.

सीनिअरला आधी सांगितलं. ती हसून म्हणाली, "पास झाल्यावरही पेपर फेरतपासणीला टाकणारी मुलगी आहेस तू." मग हसू आवरून, तिचा थीसिस त्या आकड्यावर उभा आहे याची तिने आठवण करून दिली. मला ते ठाऊक होतं. तिला जसं शिकवलं तसं तिने मोजलं होतं.

सर म्हणाले, "स्वल्प थांब की. मीटिंग होऊ दे. पैसे आले की सगळं कोरडं करून परत मोजू."

मी म्हटलं, ते लोक याच आकड्यावर धुराड्याशेजारच्या टाक्या किती मोठ्या बांधायच्या ते ठरवतील. तिथला धूर तर ओलाच असतो.

सरांनी आवाज न चढवता विचारलं, "तुला इथं कुणी आणलं?"

"तुम्ही, सर."

"मग?"

"म्हणून आधी तुमच्याकडे आले. तो आकडा दाखवणार असाल तर त्याखाली माझं नाव नको. आणि मला कुणी विचारलं तर मी खरं सांगेन."

घरी माझं नाव छापून येणार म्हणून आईने गल्लीभर सांगून ठेवलं होतं. सरांनी ते अहवालातून काढलं. मीटिंगमध्ये सीनिअर जुन्याच आकड्यावर छान बोलली. चहाच्या वेळी कंपनीच्या एका इंजिनीअरने सहज चौकशी केली की मी काय काम करते. मी सांगितलं. त्याने कप खाली ठेवला आणि नायट्रोजनबद्दल पुन्हा सांगायला लावलं.

पैसे आले नाहीत. प्रकल्प थांबला, माझी जागा गेली, सीनिअरला सगळं नव्याने मोजावं लागलं. बोलणारे मला कृतघ्न म्हणाले. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याच कामात खोडा घातला, असंही कानावर आलं. कृतघ्न हा शब्द लागला, पण मला तो मान्य नाही. सरांनी मला नोकर म्हणून नव्हतं घेतलं. मोजायला शिकवायला घेतलं होतं.

आता मी त्याच इमारतीत दुसऱ्या गाइडकडे आहे, काम त्याच द्रवाचं. गौरीच्या हळदीकुंकवाला अक्कांनी बोलावलं, तेव्हा मी मुद्दाम गेले. पाहुण्या बायकांनी खोली भरली होती. सर दारातूनच म्हणाले, "आकडा किती आला आता?"

मी सगळ्यांसमोर सांगितला. जुन्या आकड्यापुढे तो लहानच होता.

"कोरडं करून?"

"कोरडं करून. नायट्रोजन सोडूनही पाहिलं."

सर "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यात राग होता की नाही ते मला कळलं नाही. मी मान खाली घातली नाही. अक्कांच्या हातून कुंकू लावून घेतलं आणि जेवायला बसले.