अडतीस नंबरची सीट

सरळबाई हे तिचं खरं नाव नव्हे, कारखान्यात पडलेलं. तिची टीप सरळ आणि जीभ त्याहून सरळ, म्हणून. बावीस वर्षं तिनं मोटारीच्या सीटच्या खोळी शिवल्या. त्याही एकाच मॉडेलच्या, आणि त्यातल्या त्यात ड्रायव्हरच्या सीटच्या फक्त पाठीच्या.

लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं! पण त्या पाठीच्या बाहेरच्या कडेला एक शिवण असते आणि तिच्यामागे एअरबॅग. धडक बसली की ती शिवण डोळ्याचं पातं लवायच्या आत उसवली पाहिजे, एरवी मात्र दहा वर्षं तिनं हूं की चूं करता कामा नये. बाकी जगातल्या शिवणी टिकाव्यात म्हणून घालतात. ही वेळेवर फाटावी म्हणून. उद्या काही बरंवाईट झालं तर जाब कुणाला विचारायचा हे कळावं, यासाठी प्रत्येक खोळीच्या आत बोटभर पांढरी पट्टी असे आणि पट्टीवर शिवणाऱ्या बाईचा नंबर. सरळबाईचा नंबर अडतीस.

मग कंपनीनं नवं मॉडेल काढायचं ठरवलं. त्याच्या सीट भलत्याच कारखान्याकडे गेल्या. शिवणखातं बंद झालं, बायकांच्या हातात पत्रं पडली, आणि सरळबाई हिशेबाची रक्कम घेऊन अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसली.

घरी बसल्यावर तिच्या एक गोष्ट लक्षात आली. आपण शिवलेल्या सीटवर आपण जन्मात एकदाही टेकलो नाही! खोळी शिवून झाल्या की पेट्यांत भरून जायच्या. त्या फोमवर चढायच्या कुठे, गाडीत बसायच्या कुठे, देव जाणे. ती आयुष्यभर बसनं गेली आणि बसनं आली. हजारो माणसं तिच्या शिवणीला पाठ टेकून हिंडत होती, आणि तिला त्यांतली एक सीट हवी होती. एकच. जुन्या मॉडेलच्या शेवटच्या गाड्या अजून विकायच्या होत्या; दोन महिन्यांत त्याही संपणार होत्या. गाडी चालवायला ती दोन वर्षांपूर्वीच शिकली होती, घरच्यांची थट्टा सोसून.

नवरा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेला, आणि तेव्हापासून मोबाईलमध्येच राहायला गेलेला. गाडीचं नाव काढताच तो तिथूनच बोलला.

"अगं, शोरूममध्ये जायचे दिवस गेले. हा ऑनलाइन दलाल बघ. आपण मॉडेल आणि रंग सांगायचा. तो चार शोरूमना एकमेकांत झुंजवतो, स्वस्तात स्वस्त भाव काढतो आणि गाडी आपल्या दारात. घरबसल्या!"

"घरबसल्या तुमच्या चपलाही आल्या होत्या. दोन्ही एकाच पायाच्या."

"गाडीची चाकं सगळी सारखीच असतात."

त्यानं फोन लावलासुद्धा. पलीकडचा आवाज तरुण आणि लोण्यासारखा मऊ होता.

"मॅडम, रंग कोणता?"

"राखाडी."

"सीट कापडी की लेदरची?"

"कापडी. अडतीस नंबरची."

"मॅडम, सीटला नंबर नसतो."

"असतो. बावीस वर्षं मीच लावत होते."

"असेलही, मॅडम. पण गाड्या आम्हाला दिसत नाहीत. आम्ही इथून ऑर्डर टाकतो. यार्डातून जी निघेल ती तुमच्याकडे येईल."

"मी बटाटेसुद्धा हातानं निवडून घेते, बाळा."

त्यानं भाव सांगितला. शोरूमपेक्षा साठ हजार कमी. नवऱ्यानं दोन्ही हातांनी 'हो म्हण, हो म्हण' अशा खुणा केल्या. सरळबाईनं "कळवते" म्हणून फोन ठेवला.

"अगं, साठ हजार! वेड लागलंय का तुला?"

"पैसे कुणाचे?"

नवऱ्यानं मोबाईल खिशात टाकला आणि शोरूमला जायला पायांत चपला सरकवल्या. तेवढा शहाणा तो होता.

शोरूममध्ये काचा, गारवा आणि टाय लावलेला विक्रेता. हा टायवाला गाडीचं सगळं गुणगान नवऱ्याला ऐकवत होता. "सर, मायलेज बघा. सर, डिकी बघा." नवरा दर वेळी बोटानं बायकोकडे दाखवायचा आणि टायवाला दर वेळी तिच्याकडे बघून हसून परत "सर" म्हणायचा. शेवटी सरळबाईच म्हणाली, "सरांना इथे बसवा आणि चहा द्या. मला मागचं यार्ड दाखवा."

यार्डात नऊ राखाडी गाड्या धूळ खात उभ्या होत्या. सगळ्यांच्या सीटवर प्लास्टिक.

"प्लास्टिक काढता येणार नाही, मॅडम. सीटच्या पाठीमागची वेल्क्रोची पट्टीही उघडायची नाही. एकदा उघडलं की गिऱ्हाईक नवी गाडी मानत नाही. पैसे भरा, मग गाडी तुमची, उघडा काय ते."

"उघडत नाही. नुसता हात घालते."

तिला नंबर वाचायची गरज नव्हती, असं तिला वाटत होतं. खांद्यापाशी जिथं शिवण वळते, तिथं बाकीच्या बायका मशीन तशीच पळवायच्या आणि कापडाला बारीक चुणी पडायची. सरळबाई तिथं पाय उचलायची आणि मशीनचं चाक हातानं फिरवून तीन टाके घालायची. तेवढेच तीन टाके जवळजवळ पडायचे. डोळ्यांना दिसायचे नाहीत, बोटाला लागायचे.

ती एकेका गाडीत शिरे, प्लास्टिकखाली दोन बोटं सरकवी आणि डोळे मिटून घेई. एव्हाना नवरा चहाचा कप घेऊन मागोमाग आलाच होता.

"सर, मॅडम काय शोधतायत?" टायवाल्यानं हळूच विचारलं.

"तीन टाके."

"म्हणजे?"

"लग्नाला तेहतीस वर्षं झाली. मला अजून कळलेलं नाही, तुम्ही कशाला घाई करता?"

पाच गाड्या झाल्या. सहाव्या गाडीत सरळबाई आत गेली ती बाहेरच येईना. नवरा वाकून बघतो तर ती प्लास्टिकवर टेकून बसलेली, हात मागे खांद्यापाशी, आणि चेहरा असा की त्यानं कप खाली ठेवला.

"ही," ती म्हणाली.

नवऱ्यानं शेवटचा प्रयत्न म्हणून टायवाल्याला विचारलं, "हीच गाडी ऑनलाइनच्या भावात द्या की."

"त्या भावात निवडता येत नाही, सर. त्यांची ऑर्डर आली की तोंडाशी उभी असेल ती गाडी ट्रकवर चढते."

सरळबाईनं शोरूमच्या भावानं पैसे भरले. बसमध्ये नवरा खिडकीबाहेर बघत बसला, आणि तिनं त्याला बघू दिलं.

चार दिवसांनी ती गाडी घेऊन घरी आली, सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. इमारतीखाली गाडी उभी केली, प्लास्टिक फाडून काढलं, मागच्या सीटवर गुडघे टेकले आणि ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीमागची वेल्क्रोची पट्टी चर्रकन उघडली. आत हात घालून पांढरी पट्टी उलटी केली.

बासष्ट.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बासष्टच.

बासष्ट नंबर दुसऱ्या पाळीची. सरळबाई ज्या मशीनवरून उठायची, त्याच मशीनवर ती बसायची. अकरा वर्षं. रोज दोघींची गाठ पडायची ती खुर्ची देण्याघेण्यापुरती. "तेल घातलंय." "बरं." "सुई बदललीय." "बरं." एवढाच संसार. आणि एकदा, नवी असताना, बासष्टनं विचारलं होतं, "ताई, वळणावर तुमच्या कापडाला चुणी कशी पडत नाही हो?" बस चुकत असतानाही सरळबाईनं तिला करून दाखवलं होतं. पाय उचल. चाक हातानं फिरव. तीनच टाके, जास्त नकोत. हे ती साफ विसरून गेली होती. बासष्ट विसरली नव्हती.

"म्हणजे तुझंच शिकवलेलं की!" नवरा म्हणाला. साठ हजारांचं नावसुद्धा त्यानं काढलं नाही. "मग तुझीच म्हण ना सीट."

"तिची आहे. हात तिचा आहे. मी नुसतं सांगितलं होतं."

"कळवायचं तिला. खूश होईल."

पण बासष्ट याखेरीज तिचा दुसरा कुठला नंबर सरळबाईला ठाऊकच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शोरूममध्ये हजर. यार्ड झाडून साफ! एकही राखाडी गाडी नाही. "महिनाअखेर होती, मॅडम," टायवाला म्हणाला. या वेळी तो तिच्याशीच बोलला. "ऑनलाइनवाल्यांनी उरलेल्या आठही उचलल्या."

आठ. त्यांतल्या पाच तिनं हात घालून पाहिल्या होत्या. सहावीपाशी ती थांबली. सातवी, आठवी, नववी गाडी तिनं बघितलीच नव्हती. इतकी खात्री असेल तर माणूस कशाला बघेल?

महिन्या-दीड महिन्यानंतरची गोष्ट. नवऱ्याला घेऊन ती बाजाराकडे निघाली होती. औषधांच्या दुकानासमोर तशीच राखाडी गाडी उभी होती, नवी कोरी, ड्रायव्हरची काच पूर्ण खाली. सरळबाईनं आपली गाडी मागे लावली. "आलेच," म्हणाली आणि उतरली. इकडेतिकडे न बघता तिनं खिडकीतून हात आत घातला. खांद्यापाशी बोटं नेली.

एक, दोन, तीन.

"ओ बाई! काय चाललंय?" मालक औषधाची पिशवी घेऊन समोर उभा.

"काही नाही. माझीही हीच गाडी आहे. ती बघा, मागची."

माणूस एकदम खुलला. "अरे वा! केवढ्याला पडली?"

तिनं आकडा सांगितला. त्याला खरोखर वाईट वाटलं. "शोरूममधून घेतली असणार. बुडवलं हो तुम्हाला. मी ऑनलाइन घेतली, तुमच्यापेक्षा साठ हजार कमी!"

"मी निवडून घेतली."

"त्यात निवडायचं काय? सगळ्या एकाच साच्यातल्या."

सरळबाईच्या जिभेवर उत्तर होतं, पण तिला दुसरंच काहीतरी हवं होतं. "सीट कशी आहे?" तिनं विचारलं.

"सीट?" तो बुचकळ्यात पडला. "सीट सीटसारखी आहे."

"दुखत नाही ना पाठ? लांब गेलं तरी?"

"नाही हो. त्या दिवशी सात तास सलग चालवली. कळलंसुद्धा नाही."

मग ती म्हणाली, "दोन मिनिटं सीटची मागची वेल्क्रोची पट्टी उघडू? आत एक नंबर असतो. वाचते आणि परत लावून देते. जशी होती तशी."

त्याचा चेहरा बदलला. शहरात काय काय तऱ्हेची माणसं भेटतात, हे त्यावर स्पष्ट वाचता येत होतं. "नको बाई, नवी गाडी आहे. आणि घरी पेशंट आहे, औषध द्यायचंय."

तो आत बसला, पिशवी शेजारी ठेवली आणि निवांत पाठ मागे टेकली. काच वर गेली. गाडी रस्त्याला लागली, पुढच्या गर्दीत मिसळली, आणि तिच्यामागे आणखी दहा गाड्या आल्या.

सरळबाई दुकानासमोर तशीच उभी. शेवटी नवऱ्यानं हात लांब करून हॉर्न वाजवला.