मांडवावरच्या ताडपत्र्या

चिंचवडचे सोपानराव देवापेक्षा ढगाला जास्त शिव्या देत. देव निदान माल भिजवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पवनेकाठी त्यांची वीटभट्टी होती. कच्ची वीट आधी उन्हात वाळते, मग भाजते. वाळायच्या आत पाऊस आला की तिचा पुन्हा चिखल. पंचावन्न साली पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते. एका ठेकेदाराने त्यांच्या सगळ्या विटा बोलून ठेवल्या होत्या. माल कमी पडला तर तो सांगवीच्या भट्टीवरून उचलणार होता. देशाची प्रगती आपल्या अंगणात वाळत पडलीय, असं सोपानराव सांगत. तिच्यावर कुत्रं बसलं की दगड मारत.

अशा माणसाने लेकीच्या, शालनच्या लग्नात मांडवाचं भाडं वाचवलं. विटांवर घालायच्या ताडपत्र्या मांडवावर ताणल्या.

"आवो, मग विटांवर काय घालायचं?" त्यांच्या बायकोने, अंबुबाईंनी विचारलं.

"वैशाखाचं ऊन! फुकट हाय."

मंगलाष्टकं सुरू झाली आणि आळंदीच्या अंगाने आभाळ काळं झालं. वऱ्हाडही आळंदीचंच.

"ढग बी संगं आणलं का काय!" सोपानराव ओरडले. "सोडा रं दोऱ्या!"

भट्टीवरची माणसं मांडवावर चढली. वऱ्हाडाच्या डोक्यावरचं छप्पर विटांकडे पळालं. वळीव कोसळला. भटजींनी 'सावधान' म्हटलं ते नेमकं कुणाला, कळेना.

नवऱ्याचा बाप उद्धवराव म्हणजे आळंदीचे बत्ताशेवाले. त्यांच्या फेट्याचा गुलाबी रंग मिशीत उतरला.

"व्याही, ही काय रीत झाली?"

"तुमी भिजलात तर वाळाल. वीट भिजली तर चिखल!" सोपानराव शेवटची ताडपत्री ओढत होते.

"पोराला घेऊन परत जातो मी!"

तेवढ्यात अंतरपाटामागून शालनचा आवाज आला. "मामंजी, जाताना गाडीवर कायतरी टाका. साखर गळाया लागलीय."

उद्धवरावांनी वळून गाडीकडे पाहिलं. वऱ्हाड पुण्यावरून वळवून त्यांनी दुकानाची साखर भरून आणली होती. नवऱ्याच्या आत्या पोत्यांवर बसूनच आल्या होत्या. वेगळी गाडी कशाला? आणि पोत्यांवर झाकण तरी कशाला? वैशाख तर होता.

"व्याही," त्यांचा सूर उतरला, "तेवढी एक ताडपत्री द्या की."

विटांची एकच रांग उघडी राहिली होती. सोपानरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग अंतरपाटाकडे पाहिलं. मग ढगाला अशी शिवी दिली की भटजी श्लोक विसरले.

"घ्या! पर पोरगी आज आळंदीला गेली पाहिजे."

"गेलीच म्हणून समजा!" उद्धवराव ताडपत्रीसकट पोत्यांवर आडवे झाले.

भटजींनी उरलेली अष्टकं एका दमात उरकली. अंतरपाट पिळून बाजूला ठेवला. नवरा-नवरीने एकमेकांना पाहिलं तेव्हा दोघंही चिंब होती, आणि दोघंही हसत होती.

विटा भाजून झाल्यावर ठेकेदार आला. एका रांगेचा माल कमी पडला. तेवढा त्याने सांगवीहून उचलला. परक्या विटांची गाडी दारावरून गेली. सोपानराव बघत राहिले.

"एवढ्या विटांना पडला जावई," ते म्हणाले.

"सस्तात पडला," अंबुबाई म्हणाल्या, आणि चिखल तुडवायला गेल्या.