किनाऱ्यावर मिळालेला मान

लहानपणी मला शिकवणाऱ्या खोतबाई नसत्या तर आमच्या घरात पदवी आली नसती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या रोज सकाळी किनाऱ्यावर वाहून आलेली हाडं, शिंपले ओळखत फिरतात. परवा मीही गेलो. सोबत त्यांच्या शेजारचा दिगू टेलर होता.

दिगूने वाळूतून एक पांढरी, हलकी वडी उचलली. "बाई, माशाचं हाड!"

"गाढवा, माशाचं कुठलं? माकुलाच्या, त्या दहा हातांच्या मऊ प्राण्याच्या, अंगातलं आहे ते. कितीदा सांगू?"

दिगू खुशाल हसला. मग बाईंनी दगड झालेला एक शिंपला माझ्यापुढे धरला. "तुम्ही प्राध्यापक. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"सर, बाई किती मानतात तुम्हाला!" दिगू म्हणाला.

मला त्याचा भयंकर हेवा वाटला. शिंपल्याचा दगड व्हायला हजारो वर्षं जातात. मी एका नोकरीत 'तुम्ही' झालो. मान मिळाला की माणसावर हक्काने ओरडणारं कुणी उरत नाही.

घरी येऊन बाईंना पत्र लिहिलं : "बाई, मी इतिहास शिकवतो. तो शिंपला मला ओळखता आला नाही, नुसती मान डोलावली. पुढच्या वेळी दिगूसमोरच विचारा, आणि चुकलो तर त्याला म्हणता तेच मलाही म्हणा."