वेटिंगरूममधला जावई

देवासहून धारला, सासुरवाडीला गेलो की रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून एक रहस्यपट बघायचा आणि शेवट यायच्या आत खुनी कोण ते ज्याने त्याने सांगायचं, असा आमचा नेम आहे. यात सासरे कायम जिंकत. पण या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं संथ झालं, आणि चहा हवा का एवढं विचारलं तरी त्यांच्या आधी दुसरंच कोणी उत्तर देऊ लागलं. त्या रविवारी जेवताना ते मला म्हणाले, "आज बघू, डोकं चालतं का."

चित्रपट मी निवडला होता. तो आधी पाहिलेला आहे हे मात्र मी बोललो नाही, आणि त्याची बोचणी लागून राहिली. जुना, विदेशी, कृष्णधवल. सगळी गोष्ट एका लहान स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये. बाहेर मुसळधार पाऊस, आत अडकलेले प्रवासी आणि शेजारच्या खोलीत मरून पडलेला स्टेशनमास्तर.

परदेशी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून आमच्याकडे पात्रांना नाती देतात. घोरणारी बाई मामी झाली, काठीवाला म्हातारा काका. एक रुबाबदार तरुण सगळ्यात चांगली खुर्ची धरून बसला होता. सासूबाई म्हणाल्या, "हा जावई." सगळे माझ्याकडे बघून हसले. मला हसू आलं नाही. खुनी तोच होता.

शेवट जवळ आला तसा मेव्हण्याने चित्रपट थांबवला. "बोलो जीजाजी, कोण?"

"आधी तुम्ही सांगा."

तो आणि सासूबाई दोघंही म्हणाले, "काका." सासरे पडद्यावरच्या जावयाच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मामी."

"बाबा, ती तर पहिल्यापासून झोपलीये," मेव्हणा हळू आवाजात म्हणाला. सासूबाईंनी सासऱ्यांच्या खांद्यावरची शाल सारखी केली. ते मला बघवेना.

"बाबा, तुम्ही जावयाचे बूट बघत होतात."

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "घरचा जावई समोर बसलाय. जावयाला खुनी कसं म्हणू?"

"जावईच परवानगी देतोय."

ते सावरून बसले. एकेक शब्द येऊ लागला. "हा म्हणतो, गावातून पायी आलो. एवढ्या पावसात. आणि बुटाचं पॉलिश बघा. शाळेच्या फाटकावर पोरांचे बूट बघण्यात माझी अख्खी नोकरी सरली. हा बाहेरून आलाच नाही. आधीपासून आत होता."

मेव्हण्याने चित्रपट पुढे चालू केला. जावई पकडला गेला.

"अहो, मग आधीच का नाही सांगितलंत?" सासूबाई म्हणाल्या.

"जावई तूच केलंस ना त्याला!"

मला राहवेना. म्हणालो, "बाबा, मी हा आधी पाहिला होता."

"ते तुमच्या तोंडावरच दिसत होतं," सासरे म्हणाले. "पण बूट मी त्याआधी पाहिले."

सासूबाई चहा टाकायला उठल्या आणि दारात थांबल्या. "अहो, साखर किती घालू?"

त्यांना जरा वेळ लागला. मध्ये कोणी बोललं नाही.