पालथा डबा

आमच्या दादाला एक खोड आहे. काम दुसऱ्याने करायचं असलं की तो म्हणतो, "पाच मिनिटांचं काम आहे गं." कॅनडाला गेल्यापासून ही खोड वाढली. तिथल्या सोफ्यावर बसून त्याने आईसाठी एक बोर्ड मागवला, तो आला माझ्या ठाण्याच्या घरी, आणि पाठोपाठ फोन, "बसव ना. पाच मिनिटांचं काम आहे."

आई डोंबिवलीत मानपाड्याला एकटी राहते. पावसाळ्यात बाथरूममध्ये तिचा पाय घसरला, कमरेला मुका मार लागला, आणि एवढ्यावर दादाने निकाल देऊन टाकला. हा बोर्ड नीट चालला तर आई तिथे राहील. नाही चालला तर फ्लॅट विकायचा आणि तिला कर्जतकडच्या एका म्हाताऱ्यांच्या संकुलात ठेवायचं, जिथे म्हणे योगासनं आणि बाग आहे. फ्लॅट त्याच्या नावावर, त्यामुळे बोलणं संपलं. माझ्याकडे यायला आई तयार नाही. जावयाच्या घरी चार दिवस राहावं, त्यापेक्षा जास्त नाही, या मतावरून तिला हलवणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे.

बोर्ड म्हणजे काय, तर काडेपेटीएवढी उघडी काळी पट्टी, वर चंदेरी झाकणाखाली चिप, दोन्ही कडांना पिना. सोबत हालचाल ओळखणारा एक सेन्सर, पांढऱ्या घुमटाचा. हे दोन्ही स्वयंपाकघरात ठेवायचं. सकाळी आई ओट्यापाशी वावरली की दादाच्या फोनवर हिरवा ठिपका. नाही वावरली, किंवा बोर्डाचं वायफाय तुटलं, की लाल. आपल्या आईचा एवढा सुटसुटीत ठिपका करून घेतल्याचं त्याला फार कौतुक होतं.

मी वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनेलं तपासते. वायर कुठे सैल आहे हे शोधण्यात माझा जन्म गेला. दादा तिकडे कसलासा डायरेक्टर आहे आणि घरातला बल्ब बदलायला माणूस बोलावतो. पण रविवारी आईच्या जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला, तर हे गृहस्थ व्हिडिओ कॉलवर हजर, मला शिकवायला.

लॅपटॉपला बोर्ड दिसेना. दादा म्हणाला, ड्रायव्हर टाक. टाकला. म्हणाला, बोर्डावरचं बटण दाबून धर. धरलं, अंगठ्याला वळ उठेपर्यंत. म्हणाला, लॅपटॉप जुना आहे तुझा. शेवटी मी त्याच्या तोंडावर कॉल बंद केला आणि केबल बदलून पाहिली. त्याने पाठवलेली केबल नुसती चार्जिंगची होती. तिच्यातून करंट जातो, माहिती जात नाही. दादासारखीच.

मग वायफाय. आईच्या मालिकांसाठी घेतलेल्या राउटरवर दोन जाळी दिसतात, एक वेगवान, एक संथ. या बोर्डाला फक्त संथ चालतं. हे सूचनांमध्ये कुठे लिहिलेलं? एकदम खाली, बारीक अक्षरात, आणि वर पानभर "अभिनंदन, तुम्ही आता भविष्य घडवत आहात". मी भविष्याला चार शिव्या घातल्या, संथ जाळं जोडलं आणि बोर्डावरचा निळा दिवा एकदाचा स्थिर झाला. तोवर आईच्या डाळीला दुसऱ्यांदा उकळी आली होती. बोर्ड मी मिक्सरशेजारच्या फळीवर ठेवला, सेन्सरचं तोंड ओट्याकडे केलं आणि जुन्या मोबाइलच्या चार्जरवर लावून दिला.

आई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "आणि हा काय करणार? मी पडले तर उचलणार?"

"नाही. दादाला सांगणार."

"कॅनडात?"

"हो."

"मग तो उचलणार," आई म्हणाली आणि डाळीकडे वळली.

तिसऱ्या दिवशी लाल ठिपका. दादाने मला कामावर फोन करून भंडावलं. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात उकडून घेत मी पोचले, तर आई टीव्ही बघत बसलेली आणि फळीवर स्टीलचा डबा पालथा. खाली बोर्ड.

"अगं, उघडं कसं ठेवायचं ते?" आई म्हणाली. "फोडणीचे शिंतोडे उडतात. आणि रात्री तिथे पाल येते."

आमच्या घरात कुठल्याही मौल्यवान वस्तूवर हाच उपाय आहे. विरजण, उरलेला आमटीभात, बाबांचं घड्याळ, सगळ्यांवर स्टील पालथं. मी तिला नीट समजावलं, म्हणजे ओरडले. स्टीलखाली सेन्सरला काही दिसत नाही, वायफाय पोचत नाही, दादाला वाटतं तू मेलीस. पुन्हा झाकलंस तर कर्जतला जाशील. तिने डबा उचलला, पुसला आणि जागेवर ठेवला. त्यानंतर ठिपका हिरवाच राहिला.

दादा मात्र गप्प झाला. पूर्वी दर रविवारी सकाळी त्याचा आईला फोन यायचा. गुडघा कसा आहे, जेवलीस काय, शेजारच्या काकूंचं ऑपरेशन झालं का. आता येईना. मी विचारलं तर म्हणाला, "हिरवा असतो ना रोज. म्हणजे ठीकच आहे ती. उगीच डिस्टर्ब कशाला करायचं?" असा राग आला मला की मी फोनच ठेवून दिला. ज्या माणसाला आईला फोन करणं म्हणजे नुसती तपासणी वाटते, त्याच्याशी काय बोलायचं?

मग काही आठवड्यांनी पुन्हा लाल ठिपके सुरू झाले. रविवारी सकाळी लाल, दुपारी आपोआप हिरवा. पुढच्या रविवारी तेच. दादा घाबरून आईला फोन करायचा, ती ठणठणीत निघायची. शेवटी त्याने मला सुनावलं, "तुझं काम कच्चं आहे. हे रिलायेबल नाही. मी कर्जतवाल्यांशी बोलून घेतो." माझं काम कच्चं. ज्याला साधी चार्जिंगची केबल ओळखता येत नाही, तो मला सांगणार.

पुढच्या रविवारी न सांगता गेले. माझ्याकडची किल्ली लावून दार उघडलं. आई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली होती, कानाला फोन. "नाही रे बाळा, मी छान आहे. ते डबडं तुझं बिघडलं असेल. तू सांग, थंडी पडली का तिकडे? कानाला बांधतोस ना काही?" चेहरा असा फुललेला की मी दारातच थांबले. मागे फळीवर डबा पालथा होता.

फोन झाल्यावर तिने मला पाहिलं. दचकली नाही. उठली, डबा उचलला, पुसला. बोर्डाचा निळा दिवा जरा लुकलुकला आणि स्थिर झाला.

"आई, या नादात घर जाईल तुझं."

"माहीत आहे मला."

"मग?"

"हे उघडं असलं की तो फोन करत नाही," आई म्हणाली. "मग काय करू? फोन कर रे बाबा, म्हणून त्याच्या पाया पडू? ते मी नाही म्हणणार."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप. आईवर नाही. मी बाल्कनीत जाऊन दादाला फोन लावला. समोरून एमआयडीसीचा तो आंबूस वास येत होता, आणि मी आयुष्यातलं सगळ्यात तांत्रिक खोटं बोलले. म्हटलं, बोर्ड उत्तम आहे, पण सेटिंग तुझ्याकडून अर्धवट राहिलंय. आठवड्यातून एकदा तुझ्या नंबरवरून त्या घरात व्हॉइस कॉल गेला पाहिजे, चांगला लांब, नाहीतर लिंक सुटते आणि लाल होतो. अशा थापेवर आमच्या वर्कशॉपमधला चहावालासुद्धा हसला असता.

दादा म्हणाला, "हं. टाइमआउट. वाटलंच होतं मला. वीस मिनिटं पुरतात ना?"

"पुरतात," मी म्हटलं.

तेव्हापासून रविवार चुकलेला नाही. ठिपका रोज हिरवा, कर्जतचं नाव कुणी काढत नाही. गेल्या आठवड्यात आईकडे गेले, तर त्या डब्यात शेंगदाण्याचं कूट भरलेलं.

"बघ," आई म्हणाली, "आता झाकावं लागत नाही काही. आपणहून करतो फोन. आणि तू त्याला उगाच नावं ठेवतेस."

मी डब्याचं झाकण लावलं.